ईसीजी नॉर्मल, म्हणून निर्धास्त?

एकांनी लिहिलंय की ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयाची काळजी नको. कृपया असं समजू नका. हृदयविकाराच्या झटक्याच्या सुरुवातीला ईसीजी साफ असू शकतो. रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढायलाही काही तास लागतात, म्हणून दोन्ही तपासण्या थोड्या वेळाने परत करतात.

पंचवटीतल्या माझ्या मावशीच्या छातीत दुखलंच नव्हतं. जबडा जड, मळमळ आणि दरदरून घाम. आम्ही पित्त समजून आलं-लिंबू देत बसलो, ते अजून बोचतं. दुसऱ्या ईसीजीत बदल दिसला, त्याच रात्री अँजिओप्लास्टी (अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) झाली. आता रोज सकाळी गोदाकाठी चालायला जाते.

ही अँजिओप्लास्टी डॉक्टर आंद्रेआस ग्रुंट्झिग यांची देणगी. झुरिकला घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी फुग्याचे कॅथेटर (बारीक नळ्या) घडवले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी ३८ वर्षांच्या रुग्णाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत तो फुगा पहिल्यांदा फुगवला (वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या, म्हणजे स्टेंट, तेव्हा नव्हतेच). दहा वर्षांनी तपासलं, तर ती वाहिनी मोकळीच होती. ते पाहायला ग्रुंट्झिग मात्र नव्हते. १९८५ साली विमान अपघातात गेले.