प्रदर्शनासाठी घोडीचे पांढरे पाय कसे तयार करावेत? सल्ला हवा आहे

नमस्कार. माझी कुमाईत (तपकिरी अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी आठ वर्षांची आहे. तिचे मागचे दोन्ही पाय खुरापासून जवळजवळ गुडघ्यापर्यंत पांढरे आहेत आणि पुढच्या डाव्या पायाला खुराच्या वर दोन बोटे रुंद अशी पांढरी कड आहे. तीन आठवड्यांनी प्रदर्शन आहे. मागच्या वेळी मी तिचे पाय त्याच दिवशी सकाळी धुतले. पाय ओले असतानाच रिंगणात जावे लागले, त्यामुळे धूळ केसांना चिकटून त्याचा चिखल झाला, आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूचा पिवळा डाग तर तसाच राहिला. त्या डागासाठी जांभळा शाम्पू बराच वेळ लावून ठेवला होता, त्याने पायाला फिकट जांभळी झाक आली ती वेगळीच. या वेळी तशी वेळ येऊ नये, म्हणून विचारते: शाम्पू कसा वापरावा, पायाचे केस कापावेत का, आणि पावडर लावणे योग्य आहे का?

प्रतिसाद १

आपल्या हाताशी तीन आठवडे आहेत ही फार चांगली गोष्ट आहे, कारण पांढरे पाय एका सकाळीत तयार होत नाहीत. शाम्पूचा विचार करण्याआधी आज संध्याकाळीच घोडीचा एकेक पाय उचला आणि टाचेच्या वर, मागच्या बाजूला जी खोलगट घडी असते तिथले केस बोटांनी बाजूला करून कातडी नीट पाहा. पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते, तिच्यात रंगद्रव्य नसते. त्यामुळे ऊन तिला लवकर भाजते आणि सततच्या ओलाव्यानेही ती काळ्या कातडीपेक्षा लवकर बिघडते. ओल्या, मऊ पडलेल्या कातडीत जिवाणू शिरले की बारीक खपल्या धरतात. त्या डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागतात, वाळलेल्या भाताची शिते केसांत अडकल्यासारख्या. अशी एक जरी खपली लागली तरी ती ओढून काढू नका, तिच्यावर पावडरही टाकू नका, पशुवैद्यांना दाखवा. दुखऱ्या पायाची घोडी रिंगणात मोकळी चालणार नाही, मग पाय कितीही पांढरे दिसोत.

कातडी निरोगी असेल तर पुढचा प्रश्न डागांचा. तो पिवळा डाग लीद आणि मूत्र यांचा असतो आणि रोज रात्री घोडी त्याच अंथरुणावर बसते, तेव्हा खरे काम तबेल्यात आहे. ओले अंथरूण रोज सकाळ-संध्याकाळ काढून टाका आणि खरारा करताना डाग ताजा असतानाच ओल्या फडक्याने पुसून घ्या. केसांत मुरलेला जुना डाग एका धुण्यात निघत नाही.

जांभळ्या शाम्पूबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. तो मळ काढतो म्हणून वापरायचा नसतो. जांभळा रंग पिवळ्याच्या विरुद्ध असल्यामुळे पिवळेपणा डोळ्यांना जाणवेनासा होतो, एवढेच त्याचे काम. म्हणून आधी साध्या सौम्य शाम्पूने कोमट पाण्यात मळ काढावा, बोटांची टोके केसांच्या मुळापर्यंत फिरवावीत, स्वच्छ धुवावे आणि मगच जांभळा शाम्पू बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरता, सहसा काही मिनिटेच, लावावा. पाणी पूर्ण नितळ येईपर्यंत धुवा, कारण राहिलेला साबण कातडीला खाज आणतो. शेवटी टॉवेलने टिपा आणि टाचेमागची ती घडी न विसरता कोरडी करा. भांड्यांचा साबण आणि ब्लीच यांना मात्र पायाजवळही येऊ देऊ नका.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. केस कापण्याबद्दल माझा अनुभव सांगतो. कापावेत, पण आदल्या दिवशी नव्हे. निदान चार-पाच दिवस आधी कापले तर यंत्राच्या रेषा बुजतात आणि नको तिथे डोकावणारी गुलाबी कातडी थोडी झाकली जाते. यंत्र केसांच्या दिशेने, वरून खाली चालवा. उलटे चालवले की केस मुळाशी कापले जातात आणि पाय पांढरा दिसण्याऐवजी गुलाबी दिसतो. फक्त पांढराच भाग कापला तर जिथे पांढरा रंग संपून गडद रंग सुरू होतो तिथे पायरी पडते, म्हणून हात थोडा वर नेऊन केसांची लांबी हळूहळू मिळवून घ्यावी. ज्या जातींच्या पायांवर मुळातच दाट झालर असते, उदाहरणार्थ शायर किंवा क्लाइड्सडेल, त्यांची झालर कापू नये. तीच त्यांची शोभा आहे.

यंत्र हातात आहेच म्हणून तोंडावरच्या मिशा कापण्याचा मोह मात्र टाळावा. घोडा त्या केसांनी जवळच्या वस्तूंचा अंदाज घेतो आणि आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने, म्हणजे एफईआयने, १ जुलै २०२१ पासून असे संवेदी केस कापलेल्या घोड्यांना आपल्या स्पर्धांत मनाई केली आहे.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पावडरीचे काय करावे? शिवाय धुतलेले पाय रात्रभर स्वच्छ राहावेत म्हणून पट्ट्या बांधाव्यात का?

प्रतिसाद ३

पावडर लावण्यापूर्वी आपल्या प्रदर्शनाची नियमावली वाचा, कारण काही वर्गांत घोड्याचा रंग बदलणारे काहीही चालत नाही. परवानगी असेल तर कॉर्नफ्लोअर पुरते. पाय किंचित दमट असताना ते केसांत चोळा, पूर्ण वाळू द्या आणि मऊ ब्रशने सगळे झटकून काढा. नंतर पायावर हलकेच थाप मारून पाहा. धूर उडाला तर पावडर जास्त झाली, पुन्हा ब्रश फिरवा.

पट्ट्यांबद्दल मी सावध आहे. खाली कापसाचा जाड, सपाट थर हवा आणि ताण सगळीकडे सारखा हवा. एखादा वेढा घट्ट बसला तर पायामागच्या कंडरेला इजा होऊ शकते. ज्यांनी हे काम जाणत्या माणसाकडून शिकलेले नाही त्यांनी पट्ट्या न बांधता भरपूर कोरडे अंथरूण घालावे आणि पहाटे लवकर उठून डाग पुसावेत. पाय पूर्ण वाळल्यावर सिलिकॉनचा चमक आणणारा फवारा मारला तर डाग केसांत मुरत नाही, पण खोगीर आणि तंग (खोगीर आवळण्याचा पोटाखालचा पट्टा) बसतो तिथे तो अजिबात लागू देऊ नका, खोगीर घसरेल. पांढऱ्या पायाचा खूर बहुधा फिकट असतो. त्याला काळे पॉलिश न लावता रंगहीन तेल लावा. आणि हे सगळे करताना जमिनीवर गुडघे टेकून किंवा मांडी घालून बसू नका. उकिडवे बसा, म्हणजे घोडीने माशीसाठी पाय आपटला तर चटकन बाजूला होता येते.

मूळ प्रश्नकर्ती

काल संध्याकाळी तिन्ही पाय तपासले. मागच्या डाव्या पायाच्या घडीत दोन खपल्या बोटांना लागल्या आणि तिथे हात लावताच तिने पाय ओढून घेतला. मागच्या वेळी मी त्याच जागी इतका वेळ शाम्पू चोळत होते, हे आठवून फार वाईट वाटले. उद्या सकाळी पशुवैद्य येत आहेत. केस कापण्याचे यंत्र तोपर्यंत बाजूला ठेवले आहे आणि आज रात्रीपासून अंथरूण दोनदा बदलत आहे.