शब्दचर्चा: हँडब्रेकचा ‘कुत्रा’ की ‘अटकाव-दंड’?

सांधा
एम.जी.बी. या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या (१९६२ ते १९८०, अ‍ॅबिंग्डनचा कारखाना) झिजलेल्या हँडब्रेकवर मराठीत टिपण तयार होतंय. अडलंय एका शब्दावर.

लिव्हरच्या बुडाशी कमानदार, दातेरी पट्टी असते. ती जागची हलत नाही. लिव्हरवर पिनेभोवती हलणारा एक छोटा लोखंडी तुकडा असतो. लिव्हर ओढली की तो दात्यांवरून कट कट करत सरकतो आणि हात सैल सोडला की खाचेत रुतून बसतो. टोकाचं बटण दाबलं की आतली सळई त्याला उचलते. या तुकड्याला मी ‘कुत्रा’ म्हटलं. मुद्रितशोधनात त्याचा ‘अटकाव-दंड’ झाला आणि दातेरी पट्टीचा ‘दंतुर खंड’.

माझं वाक्य: “कुत्र्याचं टोक बोथट झालं की तो खाचेत टिकत नाही, लिव्हर आपोआप खाली येते.”
दुरुस्त वाक्य: “अटकाव-दंडाचे टोक बोथट झाल्यास तो दंतुर खंडात स्थिर राहत नाही.”

दंड म्हटलं की लांब काठी डोळ्यांसमोर येते. हा तुकडा जेमतेम दोन बोटं. ‘कुत्रा’ ठेवू का? की आणखी बरा शब्द आहे?

पानापेटी
ठेवा. चेनपुली, विंच, जॅक, जिथे जिथे एका दिशेला सरकू देऊन उलट दिशेला अडवायचं असतं तिथे कारागीर कुत्राच म्हणतात. पंजाबात रहाटाचं चाक बादल्यांच्या वजनाने उलटं फिरू नये म्हणून जो तुकडा असतो त्यालाही कुत्ताच म्हणतात. रहाटाची ती टिक टिक त्याचीच. इंग्रजी कारखान्यांतही पकडून ठेवणाऱ्या तुकड्यांना कुत्र्याचंच नाव आहे. दाताने धरतो, सोडत नाही, म्हणून तीन भाषांत हाच प्राणी सुचला असणार.

शब्दशः
पंजाबातला रहाट आणि इंग्रजांचा कारखाना मराठी शब्दाचा पुरावा कसा होईल? आपल्याकडे ‘खीळ’ आहे. खीळ घालणे, खीळ बसणे म्हणजेच थांबणे, अडणे. आणि दात अधिक खीळ असा तयार शब्द तर घराघरात आहे: दातखीळ. दातेरी पट्टी आणि तिच्यात बसणारा तुकडा, या दोघांच्या जोडीला ‘दातखीळ’ म्हणा. नवा शब्द घडवायची गरजच नाही.

ऐरण
जोडीला दातखीळ म्हणायला माझी हरकत नाही, पण एकट्या तुकड्याला खीळ म्हणू नका. खीळ ठोकली की हलत नाही. हा तुकडा दर वेळी उचलला जातो, पडतो, आणि सगळा बिघाड त्याच्या हलण्यातच होतो. टिपणात हे नीट यायला हवं, म्हणून सविस्तर लिहितो.

लिव्हर ठरावीक एक-दोन खाचांतच घसरते, इतर ठिकाणी धरते, तर पट्टीचे दाते गेले. नेहमी जिथे ब्रेक लागतो तिथलेच दाते आधी गोल होतात. कुठल्याही खाचेत धरत नसेल तर तुकड्याचं टोक गेलं, त्याची स्प्रिंग मेली, किंवा सळई अडकली. बटण दाबून सोडल्यावर ताडकन वर येत नसेल तर सळईच. उघड्या टपाची गाडी, लिव्हर सीटशेजारी खाली गालिच्याजवळ. पाणी, धूळ आणि गालिच्याचे तंतू वाळलेल्या ग्रीसमध्ये बसून सळई जाम होते. तेव्हा काही बदलू नका. आधी गंज सोडवणारं तेल, मग सफाई, मग बटण शंभरदा दाबून बघा.

तिसरा प्रकार फसवा. पिनेचं भोक लांबट झालेलं असतं. तुकडा तिरपा होऊन दात्याला फक्त एका कडेने धरतो. सरळ ओढून पाहिलं तर सगळं ठीक. लिव्हरला बाजूने तळव्याचा फटका मारला की सुटते. ब्रिटनमधल्या वार्षिक तपासणीत हे बघतात, आणि पार्किंग ब्रेकची क्षमता साधारण गाड्यांना किमान १६ टक्के लागते.

रानवारा
‘खटका’ का नको? दाराचा खटका, दिव्याचा खटका. तोही उचलला जातो आणि पडतो.

सांधा
खटका मला बटणासाठी हवाय. “खटका दाबा, लिव्हर किंचित वर ओढा, मग खाली सोडा” हे वाक्य वाचणाऱ्याला लगेच कळतं. दोन्हींना खटका म्हटलं तर दुरुस्ती करणारा भलताच भाग उघडून बसेल.

तिसरा_गिअर
बंदुकीला घोडा असतो, इथेही घोडाच म्हणा. प्राणीच हवा असेल तर हा जुना आणि मराठी.

पानापेटी
घोडा आपटतो, हा धरतो. काम उलट आहे.

एक मुद्दा सुटतोय. वर कुणी दात म्हणतंय, कुणी दाते. माणसाचे दात, फणीचे, करवतीचे, चाकाचे दाते. एकवचनी दाता. टिपणात “दात घासा” असं गेलं तर वाचणारा क्षणभर अडखळेल.

शब्दशः
दाता म्हणजे देणारा. शास्त्रीय लेखनात ‘दंत’च हवा. दंतचक्र हा शब्द पाठ्यपुस्तकात रुळलेला आहे.

पानापेटी
रुळलाय तिथे राहू द्या. पण “तिसरा दंत झिजला आहे” असं कोण बोलतं?

ऐरण
दात्यांचा विषय निघालाच आहे तर त्याहून मोठी गोष्ट कोनाची. कानस घेऊन दाते ‘साफ’ करायला बसतात आणि ब्रेक आणखी बिघडवतात. दात्याची एक बाजू उताराची असते, तिच्यावरून तुकडा सरकत वर चढतो. दुसरी उभी, जिच्यावर भार येतो. ही उभी बाजू जराशी आत झुकलेली असावी लागते, म्हणजे केबलचा ताण तुकड्याला खाचेत आणखी खोल ओढतो. कानशीने ती बाजू थोडी जरी बाहेर कलली, तर तोच ताण तुकड्याला बाहेर ढकलायला लागतो. मग नवी स्प्रिंग घातली तरी उपयोग नाही, कारण भार स्प्रिंगच्या कितीतरी पट असतो. म्हणून पट्टी झिजली तर बदलायची. उलटी करून बसवू म्हणाल तर तेही जमत नाही, दाते एकाच दिशेचे असतात.

या आत झुकलेल्या बाजूला मराठीत काय म्हणायचं, हा खरा प्रश्न आहे. ‘अंतर्वक्र’ चूक, ती वक्र नाही.

रानवारा
‘पोटात घेणारी बाजू’. सुतार चिरेबंद सांध्याला ‘पोटात घेतलाय’ म्हणतातच.

शब्दशः
चिरेबंद दगडाच्या बांधकामाला म्हणतात, लाकडाच्या सांध्याला नव्हे.

तिसरा_गिअर
तुकडा नवा मिळत नसेल तर वेल्डिंगने टोक भरून कानशीने आकार द्यायचा आणि पाणी द्यायचं. स्वस्तात काम होतं. काही लिव्हरांत त्याची पिन रिव्हेट केलेली असते. एका बाजूचं डोकं ग्राइंडरने उडवून ठोकून बाहेर काढायची, आणि बसवताना नवीन पिन घ्यायची, जुनी नाही.

ऐरण
पाणी देऊन ते टोक कडक होणार नाही. वेल्डिंगच्या साध्या तारेत कार्बन फार कमी असतो. लालबुंद करून पाण्यात बुडवा, मऊच राहील, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा गोल होईल. त्याला कार्बनची भुकटी लावून साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं, पुन्हा पुन्हा, म्हणजे वरचा पातळ थर कार्बन शोषून घेतो. मग पाण्यात. तपासायचं असेल तर कानस फिरवा. कडक झालं असेल तर कानस नुसती घसरते, चावत नाही.

त्यापेक्षा हत्याराच्या पोलादाची पट्टी घेऊन नवाच तुकडा कापा. सुमारे ८०० अंशांवर, म्हणजे चुंबक चिकटेनासा होतो त्याच्या जरा पुढे, तेलात बुडवा. मग पुसून चकचकीत करून पुन्हा तापवा. पृष्ठभागावर गवती पिवळा रंग आला की सुमारे २३० अंश. हँडब्रेकच्या तुकड्याला मी तपकिरी-जांभळ्यापर्यंत, २७० ते २८० अंशांपर्यंत जाऊ देईन. थोडा मऊ झाला तर तो झिजेल, पट्टी वाचेल. तुकडा करणं सोपं आहे, पट्टी करणं नाही.

शब्दशः
इथेच भाषेचा घोळ दिसतो. ‘पाणी देणे’ तुम्ही कशाला म्हणता? बुडवून कडक करण्याला, की नंतर तापवून कडकपणा उतरवण्याला? लोक दोन्हीला पाणी देणेच म्हणतात.

ऐरण
बरोबर धरलंत. आणि मी सांगितलेल्या हत्याराच्या पोलादाला तर पाणी नाही, तेल लागतं. तरी शब्द ‘पाणी’च. “पाणी द्या” एवढंच लिहिलं तर वाचणारा तेलात विझवायचं पोलाद पाण्यात बुडवील आणि त्याला तडा जाईल. टिपणात ‘तेलात विझवा’ आणि ‘पाणी उतरवा’ अशा दोन स्वतंत्र पायऱ्या लिहा.

रानवारा
‘पाणी उतरवणे’ म्हणजे माणसाचा अपमान करणे ना?

ऐरण
तलवारीवरूनच आलं असावं असं मला वाटतं. पाणीदार तलवार, पाणीदार माणूस.

पानापेटी
तिथे मोत्याचं पाणीही आहे, डोळ्यांतलं पाणीही आहे. एका तलवारीतून सगळं काढू नका.

सांधा
टिपणातली पहिलीच ओळ मला आता खटकतेय: “पुढच्या चाकांना दोन्हीकडून पाचर लावा, हँडब्रेक काढा आणि मागची बाजू जॅकवर घ्या.” बोलताना “हँडब्रेक काढ” म्हणजे सोड. पण दुरुस्तीच्या लेखात ‘काढा’ म्हणजे खोलून बाहेर काढा असाही अर्थ होतो.

तिसरा_गिअर
‘सोडा’ लिहा. भाग वेगळा करायचा असेल तिथे ‘खोला’ किंवा ‘उतरवा’. आणि ब्रेक लागू करायला ‘ओढा’. ‘मारा’ नको, तो चालत्या गाडीत.

शब्दशः
मुळात ‘हातरोधक’ का नाही? ब्रेकला रोधक आहेच.

रानवारा
रस्त्यावर “पुढे गतिरोधक आहे” अशी पाटी दिसली की उंचवटाच डोळ्यांपुढे येतो. रोधक हा शब्द तिकडे गेला. आणि हँडब्रेक गती रोखत नाही, थांबलेली गाडी थांबवून ठेवतो.

तिसरा_गिअर
मग ट्रायम्फ टी.आर.३, एम.जी.च्या टी मालिकेतल्या गाड्या, मॉर्गन या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या हँडब्रेकला काय म्हणाल? त्यात उलटा प्रकार आहे. लिव्हर नुसती ओढली की तुकडा खाचेत पडतच नाही, हात सोडला की लिव्हर खाली. टोकाचं बटण दाबलं तरच अडकते. सोडताना बटणाला हात लावायचा नाही, जरा वर ओढली की झटक्यात सुटते. चढावर किंवा शर्यतीत निघताना बोट बटणावर शोधायला नको, म्हणून ही रचना. इंग्रजीत याला ‘फ्लाय-ऑफ हँडब्रेक’ म्हणतात, पण ‘उडता हँडब्रेक’ ऐकायला भलतं वाटतं.

पानापेटी
‘झटकसुट’. किंवा ‘सुटता हँडब्रेक’.

शब्दशः
‘सुटता’ म्हटलं तर बिघडलेला वाटेल. तोच तर मूळ बिघाड आहे.

ऐरण
त्या प्रकारात एम.जी.बी.चे सल्ले लावू नका. तिथे स्प्रिंग तुकड्याला खाचेपासून दूर ठेवते, एम.जी.बी.त ती त्याला खाचेत दाबते.

एम.जी.बी. वाल्यांनी मात्र ओढतानाही बटण दाबून ठेवावं. दात्यांवरून घासत नेण्यात झीज आहे. हवी तितकी ओढली की बटण सोडायचं, आणि तुकडा खाचेत पूर्ण बसल्याची खात्री होईपर्यंत लिव्हरवरचा हात काढायचा नाही.

तिसरा_गिअर
मला हे पटत नाही. अर्धवट बसलेला तुकडा टोकावरच भार घेतो, आणि त्याने टोक लवकर तुटतं. कट कट ऐकत ओढली तर निदान बसल्याचं कळतं. पट्टी कडक असते, ती तेवढ्याने जात नाही.

सांधा
कुत्रा ठेवायचा की नाही, ते राहूनच गेलं.

पानापेटी
पहिल्यांदा येईल तिथे चित्रावर बाण काढून ‘कुत्रा’ लिहा, नंतर बिनधास्त वापरा. पण त्याच्याही आधी टिपणाचा क्रम बदला. तुम्ही केबल आवळणं पहिलं घेतलंय. लिव्हर फार वर येते म्हटल्यावर सगळे तेच करतात आणि ब्रेकच्या शूवरच्या झिजलेल्या लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक अडवणाऱ्या अस्तरावर, पांघरूण पडतं. केबल जास्त आवळली की चाकाच्या ड्रममधली छोटी लिव्हर अर्धवट ओढलेली राहते, शू आपल्या जागी टेकत नाहीत, आणि मग पुढचं अ‍ॅडजस्टमेंट खोटं होतं.

आधी केबलचा पितळी नट सैल करा. मागच्या प्रत्येक ब्रेकच्या पाठच्या पत्र्यावर शू ड्रमजवळ आणणारा, पाव इंची चौकोनी डोक्याचा अ‍ॅडजस्टर आहे. चौकोनी पानाच लावा, साध्या पान्याने कोपरे जातात. घड्याळाच्या दिशेने चाक जाम होईपर्यंत फिरवा, मग चाक मोकळं फिरेल इतपतच, एक-दोन टिकटिक, मागे घ्या. दोन्ही चाकं झाल्यावर नट आवळत जा, लिव्हर तीन ते चार खाचांत घट्ट यायला हवी. सोडल्यावर दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरतात का बघा. एकच अडत असेल तर त्या बाजूची ड्रममधली लिव्हर पिनेवर जाम झालीय, किंवा केबलला आतून गंज आहे. एम.जी.च्याच मिजेटसारख्या गाडीत मागच्या आसावर दोन्ही चाकांना ओढ वाटून देणारी तरफ असते, ती जाम झाली तरी हेच लक्षण दिसतं. ड्रम उघडलाच तर शू बोटाने चाचपा; आसाच्या सीलमधून गिअर तेल गळून लायनर ओलं झालं असेल तर वरची सगळी मेहनत वाया. ओलं लायनर पुसून चालत नाही, दोन्ही बाजूंचे शू एकदम बदलावे लागतात, आणि सील त्याच्या आधी.

रानवारा
वाटून देणाऱ्या त्या तरफेला ‘तराजू’ म्हणा ना.

शब्दशः
तराजू तोलतो, वाटत नाही. ‘समभारक’.