'रेशनिंग'ला मराठीत काय म्हणायचं? शिधा, कंट्रोल की आणखी काही

पऱ्हाटी:
एका आरोग्य-प्रशिक्षण पुस्तिकेचं मराठी करते आहे. वाचणार आहेत यवतमाळकडच्या तालुक्यातल्या नर्स आणि आशाताई. औषध, खाटा, रक्त, ऑक्सिजन अपुरं असताना ते कुणाला आणि कशाच्या आधारावर द्यायचं, हा विषय. मुळात शब्द आहे रेशनिंग. सरकारी प्रतिशब्द 'शिधावाटप', पण 'व्हेंटिलेटरचं शिधावाटप' लिहिताना हात अडतो. शिधा म्हणजे डाळ-तांदूळ-पीठ. 'नियंत्रित वितरण' करून पाहिलं, तर गावातल्या आशाताईंनी विचारलं, "म्हणजे कंट्रोल का?" पहिल्या प्रकरणात दुसऱ्या महायुद्धातलं धान्य आहे आणि पुढे तोच शब्द दवाखान्यात शिरतो. दोन्हीकडे चालेल असं काही सुचवा.

तिफन:
ताई, मंग कंट्रोलच लिहा ना. आमच्या इकडे रेशन कोनी म्हनत नाही. 'कंट्रोलचे तांदूळ आले का', 'कंट्रोलवर गर्दी हाये', असंच चालते. माही आजी लढाईच्या सालाले 'कंट्रोलचे दिवस' म्हने. लुगडं भेटे ना, घासलेट भेटे ना. लोकाइच्या तोंडातला शब्द टाकून दुसरा कायले शोधता?

निवृत्त मास्तर:
तिफनभाऊ, शब्द लोकांचा आहे हे मान्य. पण कंट्रोल आणि रेशन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. युद्धात सरकारने भाव बांधले, धान्य प्रांताबाहेर नेण्यावर बंधनं घातली, 1943 मध्ये कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणलं. ते कंट्रोल. माणशी माप ठरवून कार्डावर देणं ते रेशन. मुंबईत ते 1943 मध्ये सुरू झालं आणि पुढेही भर शहरांवरच राहिला. आपण तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात. खेड्याच्या वाट्याला मुख्यतः कंट्रोल आलं, म्हणून पुढे दुकानालाही तेच नाव चिकटलं, असं माझं मत. भाव बांधला म्हणून माल मिळतोच असं नाही. त्याच 1943 मध्ये बंगालात लाखो माणसं उपासमारीने गेली. त्यामुळे 'कंट्रोल'मध्ये वाटपाचा अर्थ येत नाही. 'शिधा' हा शब्द जुना आहे, त्यात ठरलेलं माप आहे. तो केवळ अवघड वाटतो म्हणून सोडू नका.

धानबांधी:
भंडाऱ्याहून लिहितो. पाटबंधाऱ्यात एक शब्द आहे, 'शेजपाळी'. शेजारच्या शेताला लागून शेजारचं शेत, अशा पाळीने पाणी द्यायचं, आणि सुरुवात कालव्याच्या शेपटाकडून करायची. मुखाजवळच्याने आधी पिऊन घेतलं तर शेवटच्याच्या धानाला काहीच उरत नाही, म्हणून ही रीत. टंचाई, क्रम आणि न्याय, तिन्ही त्या एका शब्दात आहेत. त्यावरून 'पाळीवाटप' करता येईल.

पऱ्हाटी:
दादा, शेजपाळी शब्द फार आवडला. पण नर्सच्या पुस्तिकेत 'पाळी' लिहिलं तर वाचणारीच्या मनात पहिला अर्थ कोणता येईल, ते तुम्हीच पाहा.

कारंजेकर:
'रतीब' का नको? मूळ अरबी, ठरलेला नेमणुकीचा वाटा. रेशन लॅटिन 'राशियो'वरून आला, म्हणजे हिशेब. दोन्ही एकाच घरचे वाटतात.

निवृत्त मास्तर:
रतीब दुधाचा असतो, रोज दारात येतो. त्यात टंचाई कुठे आहे? आणि मराठीत शब्द असताना अरबीकडे जायचं कारण काय?

तिफन:
मास्तर, वकील, दवाखाना, कागद... सारेच परत पाठवाचे का मंग?

वैनगंगा:
मी ग्रामीण रुग्णालयात सिस्टर होते, 2021 च्या एप्रिल-मेमध्ये कोविड वॉर्डात. शब्दावर बोलायचं तर मला आधी वेगळंच सांगायचं आहे. गहू कमी पडला तर प्रत्येकाचा वाटा लहान करता येतो. पाच किलोऐवजी चार. ऑक्सिजनची धार काही प्रमाणात कमी-जास्त करता येते, तीही एका मर्यादेपर्यंत. व्हेंटिलेटर अर्धा देता येत नाही. तो एकाला लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही. ज्या शब्दात 'वाटप' आहे त्यात ऐकणाऱ्याला वाटतं की थोडं का होईना, सगळ्यांना मिळालं. दारात उभा असलेला मुलगा विचारत असे, "सिस्टर, आमचा नंबर कधी?" त्याला 'वाटप चालू आहे' म्हणणं खोटं झालं असतं. रेमडेसिव्हिर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत रुग्णालयांना वाटून येत होतं, त्या वाटपाचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला. ते वाटप होतं, बरोबर. पण वॉर्डात आलेल्या चार कुप्या सात जणांपैकी कुणाला, ही निवड होती. ती आम्ही केली आणि तिला आम्ही कधीच नाव दिलं नाही. पुस्तिकेत ते नाव असायला हवं. मुलींना आधीच कळू दे की हे काम असं असतं.

पऱ्हाटी:
ताई, हे वाचून दुसरं प्रकरण पुन्हा उघडलं. त्यात एक उदाहरण अमेरिकेतल्या सिॲटलचं आहे. 1962 च्या सुमारास डायलिसिसची यंत्रं मोजकी, मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण पुष्कळ. कुणाला घ्यायचं हे ठरवायला सामान्य नागरिकांची समिती नेमली होती. ती वय, मुलंबाळं, नोकरी, चर्चला जाणं असलं काहीबाही पाहायची. लोकांनी जाब विचारला, आणि 1972 मध्ये कायदा होऊन सरकार खर्च उचलू लागलं. त्या परिच्छेदात मी 'वाटप' लिहिलं होतं. तिथे 'निवड' केलं.

धानबांधी:
मग तिथे 'प्राधान्यक्रम' का नाही?

वैनगंगा:
क्रम म्हटलं की शेवटच्यालाही कधीतरी मिळणार असं वाटतं. नागपूरच्या अवयव प्रत्यारोपण केंद्राच्या प्रतीक्षायादीत तसा अर्थ निदान काही अंशी खरा आहे. वॉर्डात त्या रात्री नव्हता.

कारंजेकर:
लढाईत जखमींची जी वर्गवारी करतात, तिचा फ्रेंच शब्द 'त्रियाज', म्हणजे निवडणं, पाखडणं. नेपोलियनच्या सैन्यातला डॉक्टर लारे हुद्दा न पाहता जखम पाहून आधी कुणाला घ्यायचं ते ठरवायचा. तेव्हा 'निवड' अगदी मूळ अर्थाला धरून आहे.

निवृत्त मास्तर:
पण मग रेशनमध्येही निवड आहेच, सिस्टर. ब्रिटनमध्ये 8 जानेवारी 1940 पासून लोणी, साखर, बेकन मापाने मिळू लागलं, पण गरोदर बाईला हिरवं रेशन-पुस्तक होतं, त्यावर जादा दूध आणि अंडी मिळत. (पाव मात्र युद्ध चालू असताना मोकळा होता, तो मापात आला 1946 मध्ये, युद्ध संपल्यावर.) आपल्याकडेही अंत्योदयला कुटुंबामागे 35 किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. दोन तत्त्वं एका दुकानात नांदतात. माप म्हणजे सगळ्यांना सारखं, हे गृहीत धरू नका.

वैनगंगा:
हे पटलं. तरी त्या दुकानातून पिशवी रिकामी घेऊन जायला कुणाला सांगायचं, हे कार्डावर आधीच लिहिलेलं असतं. आम्हाला ते उभ्या-उभ्या ठरवावं लागलं.

तिफन:
मास्तर, तुमच्या शिध्याची गोष्ट. आमच्या लेकराइले तो शब्द दिवाळीले कळला, 2022 मंधी. सरकारनं शंभर रुपयात रवा, चनाडाळ, साखर, तेल देलं, नाव 'आनंदाचा शिधा'. आता पोट्टे 'शिधा' म्हनतात, म्हनजे तुमचा शब्द कंट्रोलच्याच दुकानातून जिवंत झाला.

निवृत्त मास्तर:
झाला ना जिवंत! मूळ संस्कृत 'सिद्ध', तयार असलेलं.

कारंजेकर:
तयार कुठे, मास्तर? शिधा कोरडा असतो, शिजवायचा राहिलेला. हिंदीतला 'सीधा' काही जण 'असिद्ध'वरून लावतात. मला तेच पटतं.

धानबांधी:
मग शिदोरी? ती तर शिजलेली असते. आमच्याकडे धानाच्या रोवणीला बांधीवर, म्हणजे शेतात, नेतात ती. दोन्ही एकाच मुळाचे असतील तर एक कोरडा आणि एक शिजलेली, हे कसं?

निवृत्त मास्तर:
शिदोरीचं मूळ तपासून पाहायला हवं. सविस्तर उद्या लिहितो.

पऱ्हाटी:
उद्या संध्याकाळी मला मजकूर पाठवायचा आहे. युद्धाच्या प्रकरणात 'मापवाटप' ठेवते आणि दवाखान्याच्या प्रकरणात 'निवड'. कुणाची हरकत असेल तर दुपारपर्यंत सांगा.

निवृत्त मास्तर:
'मापवाटप'ला माझी हरकत आहे. हा शब्द कुणीच बोलत नाही.

तिफन:
'शिधावाटप' तरी कोन बोलते?