बैठकीत बोलणं मध्येच तोडतात, काय करावं?

प्रश्न: टीमची प्रमुख बाई असली की बैठकीत तिचा मुद्दा अर्ध्यावर तोडतात आणि थोड्या वेळाने तोच दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. आवाज न चढवता हे कसं थांबवायचं?

उत्तर १: विषयपत्रिका आदल्या दिवशीच पाठवा, मुद्द्यापुढे स्वतःचं नाव आणि '५ मिनिटं' लिहून. तरी तोडलं तर थांबू नका. त्याच सुरात म्हणा, "वाक्य पूर्ण करते, मग तुमचं ऐकते." इथे 'सॉरी' म्हटलं की बोलण्याची पाळी गेलीच.

उत्तर २: सहमत, पण एकटीने किती लढणार? एका सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवा. "हा मुद्दा मघाशी मॅडमनी मांडला होता," एवढंच त्याने बोलायचं.

उत्तर ३: इतिवृत्त लिहिणं हमखास बाईच्याच गळ्यात पडतं, आणि लिहिता लिहिता बोलायचं राहून जातं. ते काम आळीपाळीने वाटा. निर्णयांची ईमेल मात्र त्याच दिवशी तुम्हीच पाठवा, कोणता मुद्दा कोणाचा हे नावानिशी लिहून.