जुन्या सिल्व्हराडोमधील ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नेमका कोणता, आणि तो धड आहे की नाही, हे सौद्यापूर्वी कसे तपासावे?

ब्रेनहॅमकर:
नमस्कार मंडळी. टेक्सासमध्ये ब्रेनहॅमजवळ आम्ही थोडी जमीन घेतली आहे आणि गवताचे गठ्ठे व शेळ्यांचा ट्रेलर ओढण्यासाठी एक जुना पिकअप शोधत आहोत. सध्या २००५ सालचा शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० पाहून ठेवला आहे. इंजिन ५.३ लिटरचे असून गाडी केवळ मागच्या चाकांवर चालणारी आहे. विकणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे असे की मूळ गिअरबॉक्स निकामी झाल्यावर त्यांनी त्या जागी ४एल८०-ई हा अधिक दणकट गिअरबॉक्स बसवून घेतला, आणि म्हणूनच ते चालू भावापेक्षा बरीच जास्त किंमत सांगत आहेत. कामाचे बिल त्यांच्याकडे नाही. त्यांचे म्हणणे खरे की खोटे हे गिअरबॉक्स न उतरवता कळू शकेल का, आणि तो आणखी किती ओझे सोसेल याचा अंदाज कसा घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

डेट्रॉईटकर:
आपण भाव करण्याआधी हा प्रश्न विचारलात हे फार चांगले केलेत, कारण या गाडीत मूळचा असणारा ४एल६०-ई आणि विकणारे सांगतात तो ४एल८०-ई यांचे घराणेच वेगळे आहे. ४एल६०-ई हा १९८२ साली आलेल्या ७००आर४ चा वारस आहे, तर ४एल८०-ई हा १९९१ पासूनचा असून त्याचा पूर्वज टर्बो हायड्रामॅटिक ४०० आहे. शेव्हरोलेची मूळ कंपनी जनरल मोटर्स हिच्या या नावांमध्ये पहिला आकडा पुढच्या गिअरांची संख्या सांगतो आणि नंतरचा आकडा ताकद सोसण्याची तुलनात्मक पातळी दाखवतो. ५.३ लिटरच्या १५०० मध्ये कारखान्यातून सर्वसाधारणपणे ४एल६०-ई येत असे. ४एल८०-ई हा ६ लिटर इंजिनाच्या २५०० एचडीसारख्या जड गाड्यांसाठी होता.

डॅशबोर्डमधील कप्पा उघडा. त्यात तीन-तीन अक्षरांच्या सांकेतिक खुणांचे एक लेबल चिकटवलेले असते. त्यावर एम३० असेल तर ४एल६०-ई, एम३२ असेल तर त्याचीच थोडी सुधारलेली आवृत्ती ४एल६५-ई, आणि एमटी१ असेल तर ४एल८०-ई. त्याच लेबलावर जीटी४ असे लिहिलेले असल्यास मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) ३.७३ आहे आणि जीयू६ असल्यास ३.४२ आहे असे समजावे. ट्रेलर ओढायचा असल्याने हेही आपल्या उपयोगाचे आहे.

मिस्त्री_सॅन_अँटोनियो:
वरील माहिती बरोबर आहे, परंतु ब्रेनहॅमकरांच्या प्रश्नाला ती पुरणार नाही. लेबल फक्त कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा तिच्यात काय होते तेवढे सांगते. त्यानंतर वीस वर्षांत खाली काय बदलले, हे खाली वाकल्याशिवाय समजणार नाही. गिअरबॉक्स उतरवण्याची गरज नाही. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना अडण्या लावून, विजेरी घेऊन खाली शिरले की पुरते. केवळ जॅकच्या भरवशावर मात्र कोणीही गाडीखाली जाऊ नये.

प्रथम ऑईल पॅनचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी बसवलेल्या तेलाच्या भांड्याचे, बोल्ट मोजा. ४एल६०-ई च्या पॅनला १६ बोल्ट असतात आणि तो जवळजवळ चौकोनी दिसतो, तर ४एल८०-ई च्या पॅनला १७ असतात आणि त्याचा आकार वेडावाकडा असतो. चिखल आणि तेलाच्या थराखाली एखादा बोल्ट लपतो, म्हणून कडेने फडके फिरवून मगच मोजावे. नंतर पुढे इंजिनाकडे पाहा. २००५ च्या ४एल६०-ई मध्ये घंटेच्या आकाराचा पुढचा भाग वेगळा असून मुख्य केसला जोडलेला असतो, त्यामुळे तेथे जोडाची रेघ स्पष्ट दिसते. ४एल८०-ई मध्ये हा भाग आणि केस एकाच ओतिवात असतात, त्यामुळे तेथे जोड नसतोच. तिसरी खूण कूलरच्या, म्हणजे गिअरबॉक्सचे तेल थंड करण्यासाठी नेणाऱ्या-आणणाऱ्या, नळ्यांची आहे. ४एल६०-ई मध्ये दोन्ही नळ्या उजव्या बाजूला पुढेच शिरतात, तर १९९७ नंतरच्या ४एल८०-ई मध्ये एक नळी पुढे आणि दुसरी बरीच मागे असते. शिवाय ४एल८०-ई ला आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या अशा दोन्ही गतींचे वेगवेगळे सेन्सर असतात.

अदलाबदल खरोखर झाली असेल, तर तिच्या खुणा आजूबाजूलाही राहतात. ४एल८०-ई लांब असल्यामुळे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा दांडा) आखूड करून घ्यावा लागतो, खालचा आडवा आधार मागे सरकवावा लागतो, वायरिंगमध्ये भर घालावी लागते आणि संगणकाचे प्रोग्रॅमिंगही बदलावे लागते. यांतील काहीच दिसले नाही, तर त्यांनी सांगितलेल्या कामाचा पुरावा गाडीवर नाही असे मानावे.

अनघा_ऑस्टिन:
चालवून पाहतानाही ताळा घेता येतो. दोन्हींमध्ये तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर सरळ १ असते, परंतु चौथ्याचे ४एल६०-ई मध्ये ०.७० आणि ४एल८०-ई मध्ये ०.७५ असते. अ‍ॅक्सल ३.७३ आणि टायर २४५/७५ आर १६ धरले, तर ताशी ६५ मैलांच्या स्थिर वेगाला, कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होऊन घसरणे थांबलेले असताना, इंजिनाचे फेरे पहिल्यात सुमारे १,८७० आणि दुसऱ्यात सुमारे २,००० येतील. काट्यावर हा फरक ओळखणे कठीण आहे, म्हणून ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) आकडा वाचावा. टायर वेगळ्या मापाचे असतील तर हा हिशेब पुन्हा करावा लागेल.

ब्रेनहॅमकर:
सर्वांचे मनापासून आभार. आज पुन्हा जाऊन पाहून आलो. लेबलावर एम३० आणि जीटी४ आहे. पॅनला १६ बोल्ट आहेत, पुढे जोडाची रेघ आहे, दोन्ही नळ्या पुढेच आहेत आणि आडवा आधार जागचा हललेला दिसत नाही. म्हणजे हा ४एल६०-ई च आहे. बाकी गाडी मात्र चांगली आहे, चॅसिसला गंजही नाही. हाच गिअरबॉक्स धरून ती घेण्याजोगी आहे का?

मिस्त्री_सॅन_अँटोनियो:
ती ४एल८०-ई ची किंमत देऊन घेऊ नये, हे तर नक्की झाले. आता तपासणी ४एल६०-ई च्या ठाऊक दुखण्यांप्रमाणे करायची. गाडी पूर्ण थंड असताना जा आणि आपण येण्यापूर्वी ती सुरू करून ठेवू नका, असे मालकांना आधीच सांगा. ब्रेक दाबून पार्कमधून ड्राइव्हमध्ये आणि मग रिव्हर्समध्ये टाका. गिअर लगेच पकडला पाहिजे. दोन-तीन सेकंद थांबून मग धक्का बसत असेल, तर आत गळती किंवा झीज आहे.

रस्त्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जातानाच्या क्षणाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. तेथे इंजिनाचे फेरे मध्येच उसळत असतील आणि गाडी पुढे ओढली जात नसेल, तर तिसऱ्या-चौथ्याची क्लच जळत आली आहे, आणि ट्रेलर लावताच ती पूर्ण जाईल. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही गेले असून पहिला व तिसरा चालत असतील, तर आतील सन शेल (गिअरांना फिरवणारा एक पत्र्याचा भाग) तुटली असल्याचे ते ठळक लक्षण आहे. त्यानंतर निदान अर्धा तास गाडी चालवून ती चांगली तापू द्या, कारण कितीतरी दोष तेल तापून पातळ झाल्यावरच बाहेर पडतात. ताशी ५० मैलांच्या आसपास स्थिर वेगात ब्रेकचे पेडल अगदी हलकेच स्पर्श करून सोडा. फेरे थोडे वाढून पुन्हा खाली आले म्हणजे कन्व्हर्टर लॉक होतो आहे. स्कॅनरवर पी१८७० हा दोषाचा कोड आढळल्यास बहुधा व्हॉल्व्ह बॉडीची, म्हणजे तेलाचा दाब वळवणाऱ्या झडपांच्या भागाची, झीज झालेली असते.

कोड एकही नसेल, पण स्कॅनरवर उत्सर्जनाच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसले गेले असण्याची शंका घ्यावी. त्याच गाडीवर काही दिवसांनी पुन्हा स्कॅनर लावावा.

गिअरबॉक्सचे तेल इंजिन चालू, पार्क आणि गाडी तापलेली अशा स्थितीत डिपस्टिकवर पाहावे. लाल आणि स्वच्छ असावे. तपकिरी रंग आणि जळका वास म्हणजे क्लचचे अस्तर त्यात मिसळले आहे. मालकांची तयारी असेल, तर आपल्या खर्चाने पॅन उतरवून घ्यावा. पॅनमधील चुंबकाला चिकटलेली राखाडी बुकणी नेहमीची असते. चकचकीत पत्र्यासारखे कण किंवा पितळी रंगाचे तुकडे निघाले, तर गिअरबॉक्स नव्याने बांधण्याचा पूर्ण खर्च वजा करूनच आकडा सांगावा.

पॅन उतरवतानाच केसवर ठोकलेला क्रमांकही वाचून घ्या. त्याचे शेवटचे आकडे गाडीच्या व्हीआयएनच्या (गाडीच्या ओळख क्रमांकाच्या) शेवटच्या आकड्यांशी जुळले, तर हाच गिअरबॉक्स २००५ पासून तेथे आहे आणि मूळचा निकामी होऊन बदलला ही हकिगतच निराधार ठरते. मग मैलमापकाच्या आकड्याबाबतही मालकांकडे सेवेच्या नोंदी मागाव्यात.