भाषा आपली, पण इंजिन उसनं चालेल का?

ताणा_बाणा (धागा काढणारा)

आम्ही तिघं सोलापुरात, पूर्व भागात, जकार्ड मागावरच्या चादरी-टॉवेलांच्या नक्षीचं सॉफ्टवेअर करतो. त्यात आमची एक छोटी भाषा आहे. कुठल्या ओळीला कुठला उभा धागा वर उचलायचा, एवढा नियम नक्षीकार लिहितो. २,००० उभे धागे आणि ३,००० ओळी म्हटल्या की तोच नियम ६० लाख वेळा चालतो. आमचा साधा इंटरप्रिटर (नियम वाचत वाचत चालवणारा प्रोग्राम) त्यात दमतो. नक्षीकार बटण दाबून चहा पिऊन येतो, तरी काम चालूच असतं.

माझं ठाम मत आहे की अशा छोट्या चमूने जेआयटी कंपायलर (प्रोग्राम चालू असतानाच त्याची यंत्रभाषा करणारा) हाताने लिहायला घेऊ नये. डायनॅमिक भाषेत ‘अ + ब’ दिसलं तरी अ हा आकडा आहे की अक्षरं, हे चालवल्याशिवाय कळत नाही. वेग हवा तर अंदाज बांधायचा, त्याला पहारा लावायचा आणि अंदाज चुकला की अर्ध्या वाटेवरून सुखरूप इंटरप्रिटरकडे परतायचं. शिवाय गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) सांभाळायचा. ‘सेल्फ’ भाषेच्या लोकांनी १९९१ च्या आसपास यातल्या मूळ युक्त्या मांडल्या, आणि क्रोमचं व्ही८ इंजिन आलं २००८ साली. मधला काळ बघा!

त्यापेक्षा भाषा घडवायचे तयार साचे आहेत. त्यातल्या आरपायथनमध्ये आपण फक्त इंटरप्रिटर लिहितो आणि वापरणाऱ्याच्या प्रोग्रामची फेरी कुठे सुरू होते तेवढी खूण करतो. जेआयटी आपोआप मिळतो. पायपाय हे पायथनचं वेगवान रूप त्यावरच उभं आहे. ट्रफल या दुसऱ्या साच्याची रीत वेगळी: प्रोग्रामची झाडासारखी मांडणी असते, त्या झाडातल्या गाठी चालता चालता स्वतःला बदलतात, मग ग्राल कंपायलर तो इंटरप्रिटर त्या प्रोग्रामपुरता वितळवून यंत्रभाषा काढतो. योशिहिको फुतामुरा यांनी १९७१ मध्ये मांडलेली ही वितळवण्याची कल्पना आज आयती हाताशी आहे. ती सोडून आपण पाया का खणत बसायचा?

सातरस्ता

दादा, मला हे अजिबात पटत नाही. वडिलांचे आठ यंत्रमाग होते. बाहेरून आणलेल्या एका मागाचा सुटा भाग मिळेना, म्हणून तो वर्षभर उभा राहिला. बाकीचे सात चालले, कारण त्यांचा प्रत्येक भाग आमच्याच गल्लीत घडवून मिळायचा. उसन्या इंजिनाचं असंच होतं. आरपायथन म्हणजे पायथन २ चा एक तुकडा, आणि पायथन २ चा सांभाळ २०२० मध्ये थांबला. पॅरट हे तर सगळ्या डायनॅमिक भाषांसाठी एकच यंत्र म्हणून निघालं होतं. २००९ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, आज त्यावर कोण राहतं? त्याच वर्षी गूगलमधल्या लोकांनी ‘अनलेडन स्वॉलो’ नावाने पायथनला एलएलव्हीएम (यंत्रभाषा काढून देणारं तयार साहित्य) जोडायला घेतलं. पाचपट वेगाचं ध्येय होतं, ते गाठलं नाही. वेबकिट या सफारी ब्राउझरच्या इंजिनानेही जावास्क्रिप्टसाठी एलएलव्हीएम लावलं आणि २०१६ मध्ये काढून स्वतःचं बी३ बसवलं.

उलट लुआ भाषेचा जेआयटी, लुआजिट बघा. माइक पॉल या एका माणसाने घडवलं, इंटरप्रिटर असेंब्लीत हाताने लिहिलेला. आधी नीट बाइटकोड (नियमाचं आटोपशीर सांकेतिक रूप) करा, इनलाइन कॅश (मागच्या वेळचा शोध जागीच लक्षात ठेवणं) घाला. निम्मं दुखणं तिथेच बरं होईल.

ताणा_बाणा

तुम्ही दिलेली दोन्ही एलएलव्हीएमची उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. एलएलव्हीएम मुळात सी, सी++ सारख्या भाषांसाठी घडलं. टाइपचा अंदाज, पहारा, माघार हे ज्याचं त्याने बघायचं. अनलेडन स्वॉलोच्या चमूचा बराच वेळ तर एलएलव्हीएममधलेच दोष काढण्यात गेला. मी कोड काढणाऱ्या नुसत्या शेपटीबद्दल बोलत नाही, डायनॅमिक भाषेसाठीच बांधलेल्या साच्याबद्दल बोलतोय.

आणि माइक पॉल एकच असतो हो. आमच्या तिघांत तो नाही.

कडक_भाकरी

मी सोलापूरची, सध्या पुण्यात कंपायलरवर काम करते. तुम्ही दोघं अख्खा माग घ्यायचा की अख्खा घडवायचा यावर भांडताय. मधेही वाट आहे. आयबीएमने २०१६ मध्ये आपल्या जावा यंत्राचे भाग सुटे करून ‘ओएमआर’ म्हणून खुले केले: कलेक्टर वेगळा, जेआयटी वेगळा, हवं ते उचला. पीएचपी ८ च्या जेआयटीने लुआजिटमधलं डायनॅझम हे यंत्रभाषा काढायचं हत्यार घेतलं, बाकी आपलं ठेवलं. रुबी ३.४ मध्ये कलेक्टर बदलता येतो आणि तिथे एमएमटीके हा तयार कलेक्टरांचा संच बसवून बघता येतो.

रुबीचं आणखी एक ध्यानात घ्या. ट्रफलवर बांधलेली ट्रफलरुबी एकदा तापली (जेआयटीने वेग घेतला) की फार वेगाने पळते. तरी मूळ रुबीत वायजिट हा जेआयटी वेगळा लिहावाच लागला. लोकांचा चालू कोड, सी मधली एक्स्टेंशन्स, पहिल्या मिनिटाचा वेग आणि मेमरी, हे सगळं त्यांना जागच्या जागी हवं होतं. म्हणून ताणा_बाणा दादा, खरा प्रश्न तुम्हाला: आराखड्याची, म्हणजे कुठल्या ओळीला कुठला धागा उचलायचा त्या तक्त्याची, मेमरी कोणाच्या ताब्यात आहे? जकार्डची फाइल सी लायब्ररी लिहीत असेल आणि साच्याचा कलेक्टर वस्तू इकडून तिकडे हलवत असेल, तर तिथेच गाठ बसेल.

ताणा_बाणा

ताई, हे नेमकं दुखणं आहे. फाइल सी लायब्ररीच लिहिते. याचा विचार मी केला नव्हता. आराखडा कलेक्टरच्या बाहेर, सी च्या मेमरीत ठेवला आणि भाषेने फक्त ओळ-धागा विचारायचा असं केलं, तर निभेल असं वाटतं. आराखडा म्हणजे नुसते ० आणि १, त्यात हलवण्यासारखं काही नाही.

सातरस्ता

बाहेर ठेवलात तर ६० लाख वेळा भाषा आणि सी यांच्यातली सीमा ओलांडाल. जेआयटीने त्या हाकेची थेट मेमरी-वाचणी केली नाही, तर कमावलेला सगळा वेग तिथेच सांडेल. हे आधी तपासा. आणि आमचे नक्षीकार नियम लिहितात, दोन सेकंद बघतात, एक आकडा बदलतात, परत चालवतात. दर वेळी जेआयटी थंडच, अजून वेग न घेतलेला.

कडक_भाकरी

थंडपणाचं पूर्ण खरं नाही. ६० लाख फेऱ्यांत आरपायथनसारखा ट्रेसिंग जेआयटी (वारंवार चालणारी फेरी टिपून तिची यंत्रभाषा करणारा) पहिल्या हजारभर-दोन हजार फेऱ्यांत जागा होतो. पण छोटे नियम, छोटी रुमालाची नक्षी असेल तर सातरस्ता दादांचं बरोबर आहे.

ताणा_बाणा

मग आता असं करतो. फक्त नियम चालवणारा भाग आरपायथनमध्ये लिहितो, आराखडा सी च्या मेमरीत. सोबत तुमच्या सांगण्यावरून साधा बाइटकोड इंटरप्रिटरही करतो. चादर, टॉवेल आणि रुमाल, तिन्ही नक्ष्यांवर दोन्ही चालवून गड्ड्याची यात्रा संपली की वेळा इथे टाकतो. आरपायथन हरलं तर तेही लिहीन.

सातरस्ता

टाका. पण पहिल्यांदा चालवल्याचा वेळ वेगळा लिहा, शंभराव्या वेळचा वेगळा. दोघांची सरासरी काढलेली मी मान्य करणार नाही.