फॅट वाढली, पण गाय नेहमीसारखी वाटत नाही

पहाटधार

माझी चांदी, होल्स्टिन संकर, तिसरं वेत. व्यायल्याला आज 19 दिवस झाले. आठवड्याभरात दूध दिवसाला 24 लिटरवरून 21 वर आलं, फॅट 4.1 ची 5.2 झाली आणि प्रोटीन 3.2 चं 2.9. घरात सगळे म्हणतात, दूध जरा उतरलं तर उतरलं, फॅट बघ किती छान लागली. मला मात्र चैन पडत नाही.

खुराकाची बादली वाजली की दावं ताणून उभी राहणारी ही गाय. परवापासून खुराक हुंगते, वरवर चाटते आणि तोंड फिरवते. सुकी वैरण तेवढी खाते. ताप नाही, 101.4 फॅरनहाइट. शेण घट्ट आहे. चारही सडांची पहिली धार काळ्या वाटीत घेऊन पाहिली, गुठळी नाही, पाणचट नाही. काल दुपारी शेजारी बसून रवंथ मोजलं, एका घासाला 38-40 वेळा चावते. मागच्या महिन्यात साठच्या आसपास होतं, वहीत लिहिलेलं आहे. तोंडाजवळ गेलं की गोडसर वास येतो. नवऱ्याला तो येत नाही, त्यामुळे मला भास होतोय की काय असंही वाटतं.

फॅट वाढणं हे आजाराचं लक्षण असू शकतं का?

जुनी दावण

ताई, भास नाही. तो वास काहींना येतो, काहींना येतच नाही. माझ्या भावालाही येत नाही. आजच डॉक्टरांना बोलवा, पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

व्यायल्यावर दूध झपाट्याने चढतं, भूक मात्र सावकाश वाढते. मधली तूट गाय अंगावरची चरबी वितळवून भरते. ती चरबी रक्तातून कासेत उतरते आणि तपासणीत फॅट म्हणून दिसते. म्हणजे ही फॅट तुमच्या वैरणीची नाही, तिच्या पाठीवरची आहे. यकृताला एवढी चरबी झेपली नाही की रक्तात कीटोन, म्हणजे चरबी मोडताना बनणारे पदार्थ, साचतात, हाच केटोसिस. तो गोडसर वास त्यांचाच. मग भूक आणखी मरते आणि चरबी आणखी वितळते. प्रोटीन उतरतं तेही पोटात पुरेशी ऊर्जा जात नाही म्हणून.

म्हणून मी फॅट एकटी कधीच वाचत नाही, तिला प्रोटीनने भागतो. तुमचं 4.1 भागिले 3.2 म्हणजे 1.28 होतं, ते आता 1.8 च्या जवळ आहे. व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा आकडा दीडच्या वर गेला की मी थांबत नाही. आधी खुराक सोडून वैरण धरणं ही तर याची जुनीच खूण.

हे मी एक गाय गमावून शिकलो. तिची फॅट 5.6 लागली तेव्हा मी खूश होतो. चार दिवसांनी तिचं चौथं पोट डावीकडे सरकलेलं निघालं. गव्हाणीत रोज खुराक उरत होता आणि तो मीच झाडून टाकत होतो. अजून ते डोळ्यांसमोरून जात नाही. भाकड काळात तुमची गाय अंगाने भरली होती का?

सडाचा हिशेब

नमुना कसा घेतलात? पहिल्या धारेत फॅट एक-दोन टक्केच असते आणि शेवटच्या धारांत ती कितीतरी पट चढते. बादलीतलं सगळं दूध ढवळून घेतलं नसेल तर 5.2 ला अर्थ नाही. दोन वेळा दूध काढण्यामधलं अंतर कमी असेल त्या वेळेलाही फॅट जास्त लागते. प्रोटीन मात्र नमुन्याच्या चुकीने असं हलत नाही, म्हणून मला 2.9 ची जास्त काळजी वाटते.

पहाटधार

ढवळूनच घेतला होता, सकाळ-संध्याकाळचा एकत्र. आणि हो दादा, ती भरली होती. गाभण उशिरा राहिली, त्यामुळे मागच्या वेताच्या शेवटी दूध थोडं आणि खुराक तोच, असं बरेच दिवस चाललं. वरून भाकड काळही लांबला.

गोठ्यातली डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे. संशय रास्त आहे, पण रक्त तपासल्याशिवाय शिक्का मारू नका. बीएचबी, म्हणजे रक्तात मोजतात ते कीटोन, 1.2 मिलिमोल प्रतिलिटरच्या वर असेल तर केटोसिस धरतात. येणाऱ्या डॉक्टरांना डावी भकाळी (बरगड्यांमागची कूस) ठोकून ऐकायला आणि गर्भाशय तपासायला नक्की सांगा. पोट सरकलं असेल किंवा गर्भाशयात पू असेल तरी गाय खाणं सोडते आणि केटोसिस मागाहून येतो. मग नुसत्या औषधाने ती उठत नाही.

दगडी, म्हणजे कासेचा दाह, नाही याची खात्री वाटीवर सोडू नका, सुप्त दगडीत दूध डोळ्यांना चांगलंच दिसतं. प्रत्येक सडाच्या दुधाची सीएमटी, म्हणजे द्रावण मिसळून करायची दगडीची चाचणी, करा. पावतीवर लॅक्टोज (दुधातली साखर) येत असेल तर तेही पाहा. कासेला सूज आली की लॅक्टोज उतरतं आणि सोडियम-क्लोराइड वाढतं, दूध खारट होतं ते त्यामुळे. कच्च्या दुधाची चव घेऊन मात्र पाहू नका.

उलट बाजूही असते. बऱ्याच गायींची फॅट एकदम प्रोटीनच्या खाली गेली, शेण पातळ फेसाळ झालं, तर खुराक जास्त आणि लांब वैरण कमी पडून पोटात आम्ल झालेलं असतं. तुमच्या चांदीचं ते नाही.

पहाटधार

डॉक्टर त्याच दिवशी आले. बीएचबी 2.1. पोट जागेवर, गर्भाशय स्वच्छ, चारही सड सीएमटीत साफ. प्रोपिलीन ग्लायकॉल, म्हणजे ऊर्जा देणारं पातळ औषध, रोज 300 मिली, पाच दिवस. मान फार वर न उचलता सावकाश पाजायला सांगितलं, नाहीतर फुप्फुसात जातं. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते.

तिसऱ्या दिवशी तिने अर्धा खुराक संपवला. दुधाचे आकडे तेव्हा हललेही नव्हते, रवंथ मात्र 52 वर आलं होतं. आज, नवव्या दिवशी, फॅट 4.2, प्रोटीन 3.1, दूध 25 लिटर. भागाकार 1.35.

गौरी पुढच्या महिन्यात व्यायची आहे आणि तीही अंगाने भरलेलीच आहे. आता शेवटच्या दिवसांत तिला बारीक करायला जाऊ नये असं डॉक्टर म्हणाले, पोट भरून खाऊ दे, नाहीतर चरबी तेव्हापासूनच वितळायला लागेल. व्यायल्यावर रक्त कितव्या दिवसापासून तपासता तुम्ही? पाचव्या दिवशी सुरू केलं तर लवकर होईल का?

गोठ्यातली डॉक्टर

लवकर नाही. पहिल्या दोन आठवड्यांतच बहुतेक गायी सापडतात. पाचव्या दिवशी एकदा, मग आठवड्याने पुन्हा. आणि तिचं रवंथ आजपासूनच वहीत लिहायला लागा.